नावाचा रकाना

मल्हारी मदने अकरा वर्षं लोकांना एकच गोष्ट शिकवत आला होता, आणि ती शिकवण त्यानंच एका बुधवारी दुपारी, चहाच्या सुट्टीत मोडली. त्याबद्दल त्याला कुणी बोल लावला नाही. नोकरी गेली ती दुसऱ्याच एका चुकीपायी, आणि ती चूक त्यानं केलीच नव्हती.

रांजणगावच्या पुढच्या एका कारखान्यात तो तीन नंबरच्या लाइनचा प्रमुख होता. तिथं मोटरसायकलच्या ब्रेकच्या नळ्या बनत. नळी रबराची, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, आणि ते टोपण मशीननं दाबून बसवायचं. टोपण जरा कमी दाबलं गेलं तर बाहेरून काही कळत नाही. नळी दिसायला चांगली, हाताला चांगली. फक्त कधीतरी उतारावर जोरात ब्रेक दाबला की टोपण सुटतं, तेल बाहेर येतं आणि गाडी थांबत नाही. एवढंच काय ते. एवढ्यासाठी तीस माणसं दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसत.

मल्हारी वरवंडचा. आजा-पणजा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत हिंडले, बापानं वरवंडला साडेतीन एकर घेऊन पाय रोवले, आणि मल्हारी कंपनीच्या बसमध्ये चढला. बस दौंडहून पहाटे पावणेपाचला निघायची, वरवंडला त्याला घ्यायची आणि चौफुला, न्हावरा करत उजाडता उजाडता कारखान्याच्या गेटाशी टेकायची. इतक्या वर्षांत त्याची बस दोनदा चुकली, तीही दोन्ही वेळा बसचीच चूक होती असं तो सांगायचा.

त्या लाइनवर एक रीत होती. सकाळी सातचा भोंगा व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळे मशीनपाशी गोल करून उभे राहत आणि आदल्या दिवशी ज्याच्या हातून काही चुकलं असेल तो ते सांगे. याला कामगार ‘कबुली’ म्हणत. ही रीत मल्हारीनंच घातली. जुन्या साहेबांनी एकदा त्याला विचारलं होतं, की मामा, खराब माल कमी करायचा तर काय करावं? तर हा म्हणाला, “सायेब, माझा बाप मेंढरं राखायचा. रातच्याला एखादं मेंढरू कमी भरलं तर ज्याच्या पाळीला गेलं त्यानं तवाच सांगायचं, असा आमच्या मेंढरांच्या वाड्याचा कायदा. सांगितलं तर कुनी शिवी द्यायची न्हाई, सगळ्यांनी कंदील घेऊन निघायचं. शिवी दिली तर पुढच्या टायमाला पोरगं सकाळपातूर गप बसतं, आन् तवर लांडग्याचं जेवन झालेलं असतं.” जुने साहेब हसले. पण दुसऱ्या दिवसापासून पाच मिनिटं दिली.

एकेक कबुली एका कागदावर उतरायची. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. खाली हातानं काढलेलं चित्र. नाव मात्र लिहायचं नाही, ही मल्हारीची अट. सुरुवातीला दोन महिने कुणी तोंड उघडलं नाही. मल्हारी रोज स्वतःचीच एखादी चूक सांगायचा. संपल्या तेव्हा जुन्या आठवून सांगायला लागला. मग एका सकाळी पूनम नावाची पोरगी लाजत म्हणाली, की जेवणानंतरच्या पहिल्या दहा-बारा नळ्या तिच्याच्यानं नीट बसत नाहीत, बहुतेक तिला झोप येते. कुणी हसलं नाही. दोन दिवस शोधल्यावर कळलं की झोप वगैरे काही नाही, जेवणाच्या सुट्टीत मशीनचं तेल गार पडतं आणि दाब कमी बसतो. तेव्हापासून जेवणानंतर पाच नळ्या नुसत्याच चालवून फेकायच्या, असं ठरलं. तीन वर्षं ज्या खराबीनं इंजिनियर लोकांना दमवलं, ती एका पोरीच्या लाजऱ्या वाक्यानं गेली. असं अकरा वर्षं चाललं. शंभरात चार नळ्या खराब निघायच्या, त्या हजारात तीनवर आल्या. बाहेरच्या कंपन्यांची माणसं बघायला यायची आणि भिंतीवरच्या कागदांचे फोटो काढून न्यायची. त्यांना वाटे, गुण कागदात आहे.

मग जुने साहेब निवृत्त झाले आणि विश्वजीत साहेब आले. वय तेहतीस, बोलणं गोड, कामगारांना अहो-जाहो करणारे. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांना कबुली फार आवडली. इतकी आवडली, की त्यांनी ती कॉम्प्युटरवर घेतली आणि कागदावर एक रकाना वाढवला. नावाचा.

“मामा, कुणाला काही होणार नाही,” ते म्हणाले. “फक्त डेटा पूर्ण हवा. कुणाला ट्रेनिंग द्यायचं ते तरी कळेल.”

“सायेब, नाव आलं की मानूस सांगताना मागं सरकतं.”

“लपवण्यासारखं काही नसेल तर कशाला सरकेल?”

याला उत्तर होतं, पण मल्हारीला ते साहेबाच्या भाषेत मांडता आलं नाही. त्यानं मान डोलावली. लाइनवर येऊन सगळ्यांना सांगितलं, की बिनधास्त बोला, जबाबदारी माझी.

लाइनवरची बहुतेक पोरं-पोरी ठेकेदाराकडून आलेली. त्यांतला केंदूरचा ज्ञानेश थिटे सगळ्यांत जास्त बोलायचा. पोरगा सरळ होता, एवढं तेवढं झालं तरी सांगून मोकळा व्हायचा. अडीच महिन्यांत त्याचं नाव तीनदा आलं. तिसऱ्यांदा त्यानं दोन पेट्यांतला माल एकत्र झाल्याचं सांगितलं, सगळ्यांनी मिळून तो अर्ध्या तासात वेगळा केला, आणि पुढच्या सोमवारी ठेकेदारानं त्याला गेटावरच थांबवलं. मल्हारी धावत साहेबांकडे गेला. साहेबांना खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं.

“मी नाही काढलं हो मामा. तीनदा नाव आलं की हेड ऑफिसची सिस्टिम आपोआप ठेकेदाराला कळवते. मलाही नंतर कळलं.”

“मंग रकाना काढा.”

“ते आता माझ्या हातात नाही.”

ज्ञानेश संध्याकाळी त्याचे बूट न्यायला आला. मल्हारीनं ते गेटावर नेऊन दिले. ज्ञानेश म्हणाला, “मामा, तुमी म्हनला व्हता...” आणि पुढचं न बोलता बूट पिशवीत घालून गेला. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मल्हारी त्या रात्री जेवला असता.

मोनिकाचं नाव तोवर दोनदा आलं होतं.

मोनिका दौंडची. त्याच बसनं यायची, खिडकीला डोकं टेकून न्हावऱ्यापर्यंत झोपायची. नवरा टेम्पोवर बदली ड्रायव्हर, काम मिळालं तर मिळालं. चार वर्षांची मुलगी सासूकडं. घर हिच्या पगारावर चालायचं. नळी तपासायचं काम तिच्याकडं होतं. त्यासाठी तिच्या हातात एक गेज असे, म्हणजे पोलादाचं उघडं तोंड असलेलं माप. टोपण पुरेसं दाबलेलं असेल तर त्या तोंडातून जातं, कमी दाबलेलं असेल तर अडकतं. मल्हारीनंच तिला ते धरायला शिकवलं होतं. आठवड्यात तिचा हात असा बसला, की नळी अडकायच्या आधीच ती बाजूला काढायची. मल्हारी कौतुकानं म्हणायचा, ही पोरगी माझी जागा घेणार.

त्या बुधवारी दुपारी, चहाची सुट्टी व्हायला आली असताना, ती त्याच्याकडं आली. तोंड पांढरं पडलं होतं.

“मामा, गेज पडलं माज्या हातनं. एक वाजता. फरशीवं.”

“मंग?”

“मंग काय, वापरलं तसंच. भ्या वाटलं. आता ऱ्हावंना म्हनून आले. उद्या सुट्टी, परवा कबुलीला सांगते मी.”

गेज पडलं की थांबायचं, ते मापाच्या खोलीत पाठवायचं आणि तोवरचा माल बाजूला ठेवायचा. हे शिकाऊ पोरालाही पाठ होतं. मल्हारीला तर ते झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर गेटावर बूट घेऊन उभा असलेला ज्ञानेश आला. तिसरं नाव.

“कुनाला बोलू नगं,” तो म्हणाला. “मी बघतो.”

“पर मामा...”

“सांगितलं न्हवं, मी बघतो. जा, च्या घे.”

ती गेली. तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली आणि मग काहीतरी दुसरं, जे त्याला तेव्हा बघायचं नव्हतं. त्यानं गेज घेतलं, चांगल्या नळ्यांतल्या चार त्यात घालून पाहिल्या. चारही सहज गेल्या. ठीक वाटलं त्याला. खरं म्हणजे वाटून घेतलं. चांगली नळी तोंड वासलेल्या गेजमधूनही जाणारच; खात्री करायची तर खराब नळी घालून ती अडकते का ते बघावं लागतं, आणि खराब नळ्या कुलपाच्या लाल पेटीत होत्या. किल्ली मागितली असती तर कशाला म्हणून विचारलं गेलं असतं. त्यानं गेज जागेवर ठेवलं. दुसऱ्या पाळीनं ते उचललं आणि काम चालू राहिलं.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. मल्हारी घरी बसून राहिला, शेतात गेला, परत आला. अनसाबाईनं नवऱ्याला दोनदा चहा दिला, दोन्हीवर साय धरली. शेवटी तिनंच विचारलं आणि त्यानं सांगितलं.

“मंग तिला सांगू द्यायचं व्हतं,” अनसाबाई म्हणाली.

“आन् तिची नोकरी?”

अनसाबाईनं साय धरलेला कप उचलला. मग म्हणाली, “त्या नळीवर कुनाचं तरी पोरगं गाडी चालवल की वो.”

शुक्रवारी तो मापाच्या खोलीत सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिला. तिथल्या माणसानं गेज मोजलं, पुन्हा मोजलं आणि चष्मा काढला. तोंड उघडलं होतं. केसाएवढंच, पण उघडलं होतं. बुधवारी एक वाजल्यापासून दोन पाळ्यांत सोळाशे नळ्या त्यातून गेल्या होत्या, आणि गाडी काल पहाटेच माल घेऊन निघाली होती.

आता प्रश्न फक्त सांगायचा नव्हता. सांगायचं तर होतंच. ब्रेकच्या नळीबाबत गप्प बसण्याइतका मल्हारी खाली आला नव्हता. प्रश्न होता कुणाचं नाव. लाइनवर चालत येईपर्यंत त्यानं ते ठरवून टाकलं.

सगळे गोल करून उभे होते. विश्वजीत साहेब टॅब घेऊन आले होते. मल्हारी पुढं झाला.

“गेज पडलं व्हतं. माज्या हातनं. त्याचं तोंड उघाडलंय. सोळाशे नळ्या गेल्यात, गाडी थांबवा.”

साहेबांचा चेहरा उतरला. ते लगेच फोनवर बोलले, गाडी कुठं आहे, माल उतरवू नका. मग वळले.

“कधी पडलं?”

“बुधवारी. एक वाजता.”

“मग मामा, तेव्हाच का नाही सांगितलंत? तुम्ही?”

हा खरा प्रश्न होता. अकरा वर्षांतली सगळ्यांत मोलाची कबुली या प्रश्नाच्या उत्तरात होती. त्यानं नुसतं ‘भ्यालो’ म्हटलं असतं तरी त्या गोलात उभा असलेला प्रत्येक माणूस समजला असता, कदाचित साहेबही समजले असते. पण ‘भ्यालो’ म्हटलं की कशाला, कुणासाठी, हे आलं. तेवढ्यात त्याला मशीनच्या पलीकडं मोनिका दिसली. तिनं एक पाऊल पुढं टाकलं होतं, ओठ उघडले होते. ती सांगणार होती. तिला जे शिकवलं होतं ते ती करणार होती. मल्हारीनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं रस्त्यावर धावणाऱ्या लेकराकडं बघावं, आणि ती जागीच थांबली.

“इसरलो, सायेब,” तो म्हणाला.

कागद लिहिला गेला. काय झालं: गेज पडलं. का झालं: हातातून सुटलं, कळवायचं विसरलं. उपाय: गेजला दोरी बांधून ती टेबलाला अडकवणे, दर तासाला तक्त्यावर सही करणे. नाव: मल्हारी मदने. खाली चित्र काढायला कुणी पुढं आलं नाही, तेव्हा साहेबांनी कॉम्प्युटरवरचं एक चिकटवलं. आठवड्यात कारखान्यातल्या सगळ्या गेजांना निळ्या दोऱ्या लागल्या. मल्हारी त्या दोऱ्यांकडं बघत राहायचा. सगळा कारखाना एका खोट्या गोष्टीतून धडा शिकत होता, आणि शिकवणारा तो होता.

माल बहुतेक परत आला. फक्त चाळीस नळ्यांची एक पेटी सुट्या भागांच्या दुकानांकडं गेली होती. त्यांतल्या एकतीस सापडल्या. नऊ कुठं कुठं विकल्या गेल्या ते कधी कळलं नाही.

चौकशी झाली. मल्हारीची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती. त्यानं आपणहून राजीनामा द्यावा, असं फार सभ्यपणे सुचवलं गेलं. शाल-श्रीफळ दिलं. विश्वजीत साहेब भाषणात म्हणाले, की मामांनी शेवटच्या चुकीचीही स्वतः पुढं येऊन कबुली दिली, हा प्रामाणिकपणा आपण सगळ्यांनी घ्यावा. टाळ्या वाजल्या. मल्हारी शालीत मान घालून बसला. लोकांना वाटलं, माणूस गहिवरला.

मोनिकाचे सुरुवातीला फोन आले. “मामा, मी जाऊन सांगते खरं काय ते,” म्हणायची आणि रडायची. तो म्हणायचा, “गप ऱ्हा. पोरीकडं बघ.” दोन-तीनदा असं झालं. मग फोन यायचे थांबले, आणि त्याला बरंही वाटलं आणि वाईटही.

दिवसा तो हायवेच्या कडेला, ओळखीच्या एका टपरीवर बसायला लागला. पाटसकडून येणाऱ्या मोटरसायकली बघायचा. एखादं पोरगं मागं बायको, पुढं टाकीवर लेकरू घेऊन भरधाव जायचं, आणि मल्हारीच्या हाताची मूठ आपोआप आवळायची. नऊ. त्यांतल्या किती खराब होत्या कुणाला ठाऊक, एकही नसेल. पण दर वेळी त्याला वाटायचं, हीच ती गाडी. अनसाबाईनं त्याला तिथं बसू नका म्हणून सांगून पाहिलं. तो घरी बसला तर नुसत्या आवाजावरून मोजायचा.

सात महिन्यांनी, संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास, दौंडला परतणारी कंपनीची बस टपरीसमोर थांबली आणि मोनिका उतरली. ड्रायव्हरला म्हणाली, “पाच मिन्टं थांबा, मामांना भेटते.” तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. अंगानं भरली होती, ओळखपत्राची पट्टी लाल झाली होती. लाल पट्टी लाइनप्रमुखाची.

“मामा, मला परमनंट केलं. आन् तुमची जागा दिली.” ती खाली वाकली. “आन् आपल्या लाइनीला बक्षीस मिळालं. हेड ऑफिसातनं. सा म्हयनं एक बी चूक न्हाई. बोर्डावर शून्य लावलंय मोठं.”

मल्हारीनं पेढा घेतला. त्याला खरंच आनंद झाला होता, पोरीचं भलं झालं. पण ते शून्य त्याला खरं वाटेना.

“कबुलीला कोन कोन बोलतं आता?”

“कुनीच न्हाई. उभं ऱ्हातो, सही करतो, भोंगा व्हतो.”

“म्हंजी सा म्हयन्यात कुनाच्या हातनं कायच झालं न्हाई?”

मोनिकानं बसकडं पाहिलं. मग जवळ सरकून, आपल्या माणसाला सांगावं तसं हलक्या आवाजात म्हणाली, “व्हतंय की मामा. व्हनारच. नवी पोरगी हाय आपल्यात, चांगुणा, तिनं परवा मशीन गार असतानाच माल काढला. दोनशे नळ्या. रडत आली माज्याकडं. दोनदा नाव आलंय तिचं. मी म्हनलं, कुनाला बोलू नगं, मी बघते.”

“आन् नळ्या?”

“बघितल्या मी चार-पाच घालून. ठीक वाटल्या.”

मल्हारीच्या हातातला पेढा तसाच राहिला. “मोनिका, उद्या जाऊन सांग,” तो म्हणाला. “उद्याच्या उद्या सांग. गाडी थांबिव.”

“आन् तिची नोकरी, मामा? तिचा बाप हातरुनाला खिळलाय.” तिच्या आवाजात राग नव्हता. ती त्याच्याकडं विश्वासानं बघत होती. “तुमी माज्यासाठी केलं, तसं मी तिच्यासाठी केलं. तुमच्याकडनंच शिकले मी.”

मल्हारीला रडू फुटलं. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली, तरी त्याला ते आवरेना. मोनिका गोंधळली. तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले आणि म्हणाली, “असं करू नगा मामा, समदी अजून तुमचं नाव काढत्यात.” ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती दोनदा मागं बघत बसमध्ये चढली.

बस हलली. मल्हारी उठून तिच्या मागं धावला, पत्र्यावर थाप मारत, तिला सांगायला, की तो धडा चुकीचा होता, तो सोडून बाकी सगळं लक्षात ठेव. बस पाटसच्या वळणाला लागेपर्यंत तो धावला. मग धाप लागून रस्त्याच्या कडेला उभा राहिला, आणि त्याच्या अगदी जवळून मोटरसायकली जात राहिल्या.